मनोऱ्याच्या पायथ्याचा आकडा

५ डिसेंबर १९९४, सोमवार

रेडिओच्या स्टुडिओत मीटिंग. आठ वर्षांपूर्वी रिटायर झालेल्या माणसाला बोलावतात, खुर्ची देतात, तीही पंख्याखालची! सौ.ने इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला होता. बसवनगुडीहून बस, पुढे थोडं चालणं. गुडघे बरे.

विषय एकच, शालिनीची पेटी ठेवायची की नाही. शालिनी म्हणजे धारवाडच्या माझ्या वर्गमित्राची मुलगी. यशवंतपूरला घाऊक बाजाराच्या मागे दोन खोल्यांचं वर्कशॉप, ती आणि सोल्डरिंग करणाऱ्या दोघी बायका. एक पेटी हेब्बाळच्या पुढे ट्रान्समीटरशेजारी बसणार, तिची जोडीदारीण गावात स्टुडिओत. मध्ये टेलिफोनची तार. तिथल्या मीटरांचे आकडे दर पाच मिनिटांनी इथे उमटणार आणि इथून बटण दाबलं की तिथे ट्रान्समीटर चालू होणार. आम्ही आयुष्यभर ज्याच्या अंगाला अंग लावून बसलो, त्याची नाडी आता गावातून बघायची. ऐकताना अंगावर शहारा आला. चांगला शहारा.

मोठ्या साहेबांनी विचारलं, पेटीचे आकडे खरे कशावरून मानायचे? मीच म्हणालो, लॉगबुकशी ताडून बघा. अर्ध्या अर्ध्या तासाचा प्रत्येक आकडा तिथल्या माणसाने हाताने लिहिलेला असतो. साहेबांना पटलं. पंधरा दिवस चाचणी. आकडे जुळले तर पेटी राहणार आणि राज्यातल्या बाकीच्या केंद्रांनाही शिफारस. नाही जुळले तर परत.

जिन्यात शालिनी म्हणाली, "काका, परत आली तर मी वर्कशॉपला कुलूप घालून हुबळीला नोकरी धरणार. घरच्यांना शब्द दिलाय."

मी म्हटलं, माझ्या लॉगबुकशी जुळणार नाही तर कशाशी जुळेल?

८ डिसेंबर, गुरुवार

ट्रान्समीटरवर गेलो. हेब्बाळचं तळं मागे टाकलं की दुरून मनोरा दिसतो. आठ वर्षांनी. डोळे भरून आले, शालिनीला सांगितलं की धूळ गेली.

रामय्या आता शिफ्ट-इन्चार्ज. माझ्या हाताखाली पोरगेलासा आला होता, आता मिशी पांढरी. वाकून नमस्कार केला, मग कन्नडात सगळ्यांना सांगत सुटला की हेच ते अण्णा, कवितेवर ट्रान्समीटर तापवणारे. खरं आहे ते. फिलामेंटची वीज लावल्यावर आतल्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, तापेपर्यंत थांबावं लागतं. मी घड्याळ कधी बघितलं नाही. शाळेतली एक लांब कविता होती, भुजंगप्रयातातली. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली की व्हॉल्व्ह तयार. वर्षानुवर्षं पहाटे तीच. शालिनी म्हणाली, पेटीत त्यासाठी टायमर आहे. असू दे.

पेटीच्या तारा जोडल्या. शेवटची तार मनोऱ्याच्या पायथ्याच्या खोलीपर्यंत न्यायची होती. इमारतीपासून दोनएकशे पावलं, गवतातून. मनोऱ्यात वीज खरोखर किती चढते ते सांगणारा मीटर तिथेच आहे, बाकी सगळे इमारतीत. तार न्यायला रामय्याची माणसं काठ्या आपटत गेली. मी इमारतीच्या पायरीवर बसून मनोऱ्याला बाई मानून दोन ओळी जुळवल्या:

एका पायावर उभी, वारा ओढिते पदरी,
माझे शब्द नेई दूर, ओठ मिटून ही खरी.

"ही खरी" म्हणजे काय ते मलाही सांगता येणार नाही. यमकासाठी आलं. शाळेतले मास्तर असते तर कान धरला असता.

१२ डिसेंबर, सोमवार

चाचणी सुरू. पहाटे स्टुडिओत हजर. थंडी सणसणीत, मफलर घेतला ते बरं केलं. शालिनीच्या पेटीवर लाल आकडे एकामागून एक उजळले. मेन्सचा व्होल्टेज. प्लेट करंट. पंख्याची हवा. फोनवर रामय्या लॉगमधले आकडे वाचत होता आणि इकडे तस्सेच. मी लहान मुलासारखा टाळ्या वाजवल्या. ड्यूटीवरच्या निवेदिकेने काचेतून वळून बघितलं.

शेवटचा आकडा पायथ्याच्या मीटरचा.

रामय्या म्हणाला, नऊ-दोन, म्हणजे नऊ पॉइंट दोन अँपिअर. पेटी म्हणाली, आठ-एक.

शालिनीने परत बघितलं. आठ-एक. साडेसहाला रामय्या नऊ-दोन, पेटी आठ-एक. आठला नऊ-दोन आणि आठ-चार. दहाच्या सुमारास पेटी नऊवर आली. शालिनी म्हणते, सेन्सर थंडीने चुकत असेल, बदलते.

१४ डिसेंबर, बुधवार

सेन्सर बदलला. तेच. तार बदलली. तेच. पहाटे कमी, ऊन चढलं की वर. लॉग मात्र सगळीकडे नऊ-दोन.

मोठे साहेब येऊन तक्ता बघून गेले. आवाज चढवला नाही, तेच वाईट. म्हणाले, बाकी सगळं जुळतं पण हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. सोमवारपर्यंत जुळवा, नाहीतर पुढचे दिवस कशाला वाया घालवायचे.

रामय्या फोनवर हसला. "अण्णा, मशीनला हवामान बाधतं, माणसाला नाही."

शालिनीचं तोंड उतरलेलं. दुपारी डबा उघडलाच नाही.

१५ डिसेंबर, गुरुवार

शालिनीने मागच्या सहा महिन्यांची लॉगबुकं मागवली. टेबलावर पसरून बसलो. छान अक्षर रामय्याचं, मीच घटवून घेतलेलं. पायथ्याच्या रकान्यावरून बोट फिरवत गेलो.

नऊ-दोन. नऊ-दोन. नऊ-दोन. जूनमध्ये, ऑगस्टमध्ये, पावसात, उन्हात.

शालिनी म्हणाली, "बघा की काका, किती स्थिर आहे. चूक माझीच असणार."

मी पाणी प्यायला उठलो.

१६ डिसेंबर, शुक्रवार

लिहून टाकतो. इथे तरी.

एकसष्ट साल. मी नवा. पहिल्या पहाटे कंदील घेऊन पायथ्याच्या खोलीत गेलो, मीटर वाचला, नऊ-दोन. परत येताना पावलापुढे घोणस. वेटोळं घालून फुसकारत होती. कसा पळालो ते ठाऊक नाही, कंदील तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे पायरीवर उभा राहिलो आणि खाली उतरलोच नाही. मीटर काल नऊ-दोन होता, आज कुठे जाणार आहे? लिहिला. तिसऱ्या दिवशीही लिहिला.

मग सवय झाली. ऊन वर आल्यावर कधीमधी जाऊन बघायचो, तेव्हा असायचाही नऊच्या आसपास. पुढे नवी मुलं आली. त्यांना मी काय सांगितलं? हेच. पहाटे गवतात जाऊ नका रे, नऊ-दोन लिहा. रामय्याला मी स्वतः सांगितलं, खांद्यावर हात ठेवून, प्रेमाने. काळजीच होती ती.

आणि त्याच लॉगबुकशी ताडून बघा असं भर मीटिंगमध्ये मी म्हणालो. तेव्हा आठवलंसुद्धा नाही. इतकं ते मला खरं वाटत होतं.

१८ डिसेंबर, रविवार

सौ. अवरेकाळूच्या, म्हणजे इथल्या वालाच्या, शेंगा सोलत बसली होती. या दिवसांत घरभर तोच वास. मीही सोलायला बसलो. तीन शेंगा झाल्यावर तिने विचारलं, काय झालंय? दोन दिवस कविता नाही तुमची.

सांगितलं सगळं. तेहतीस वर्षांत हिलाही सांगितलं नव्हतं.

सोलता सोलता म्हणाली, "कविता पाठ, तसा आकडाही पाठ. त्यात नवल ते काय?"

हसू आलं आणि मग लागलं. निपाणीच्या शाळेत एकदा मास्तरांनी मला धडा वाचायला उभं केलं होतं. मी कविता खणखणीत म्हटली. त्यांनी जवळ येऊन पुस्तक बघितलं तर पान भलतंच उघडलेलं. म्हणाले, पाठ आहे ते म्हणतोस, समोर आहे ते वाच. तेव्हा वर्ग हसला होता.

मी म्हटलं, उद्या सांगितलं तर माझ्या नावाचं काय? तिथे अजून नव्या माणसाला माझी जुनी लॉगबुकं नमुना म्हणून दाखवतात.

सौ. म्हणाली, "नाव काय रोज वापरायचं आहे आता? त्या पोरीचं वर्कशॉप रोज उघडायचं आहे."

मग रामय्याला फोन केला. त्याला अंधारात ठेवून साहेबांपुढे जाणं बरोबर नव्हतं. ऐकून तो कन्नडातून मराठीत आला, म्हणजे रागावलाय. "तुम्ही पेन्शन घेऊन बसलात अण्णा. आमची अजून शिफ्ट आहे." मी म्हटलं, सगळं माझ्या नावावर घेतो, लेखी देतो. "सरी," म्हणाला, म्हणजे ठीक, आणि फोन ठेवला.

१९ डिसेंबर, सोमवार

सांगितलं!

मोठ्या साहेबांची खोली. शालिनी कोपऱ्यात, हातात पेटी परत न्यायचा कागद. साहेब म्हणाले, बोला, जुळला आकडा? मी उभा राहिलो. शाळेत उभा राहायचो तसा, हात मागे बांधून. म्हटलं, "साहेब, पेटी बरोबर आहे. लॉगबुक चूक आहे. तो नऊ-दोन वाचलेला नाही, मी शिकवलेला आहे."

घोणस, कंदील, सगळं सांगितलं. शालिनी माझ्याकडे बघत राहिली. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

म्हणाले, "मी ट्रेनिंगला दोन महिने तुमच्याकडे होतो."

मी म्हटलं, होतात. पहाटेच्याच शिफ्टला.

त्यांनी चष्मा पुसला, परत घातला. मग म्हणाले, लेखी द्या आणि उद्या पहाटे जाऊन मीटर वाचून दाखवा. पेटीशी जुळला तर मी मानतो.

कागद मागून घेतला आणि तिथेच लिहून दिलं. माझ्या चांगल्यात चांगल्या अक्षरात. एकसष्टपासूनची जबाबदारी माझी, नंतरच्या कोणाचीही नाही.

बाहेर शालिनी म्हणाली, "काका, तुम्ही गप्प राहिला असता तरी कोणाला कळलं नसतं की."

पेटीला कळलंच होतं की, मी म्हटलं. ती मोठ्याने हसली. आठवड्यात पहिल्यांदा.

सहासष्टाव्या वर्षी इतकं हलकं वाटतं हे माहीत नव्हतं.

२० डिसेंबर, मंगळवार

पहाटे ट्रान्समीटरवर. शालिनी स्टुडिओत पेटीपाशी. साहेबही तिथेच. रामय्या दारात उभा, नमस्कार नाही. फिलामेंट, मग कॅरियर, म्हणजे आवाज वाहून नेणारी लहर. सगळं नीट. मी बॅटरी घेतली, गमबूट मागितले, पायरी उतरलो.

दहाबारा पावलं गेलो असेन. मागून काठीचा आवाज. रामय्या. पुढे झाला, गवतावर काठी आपटत चालू लागला. दोनशे पावलांत एकच वाक्य बोलला. "तुम्हाला काही झालं तर अक्का मला सोडणार नाही." अक्का म्हणजे आमची सौ.

खोलीचं दार कुरकुरलं. मीटरवर बॅटरी धरली. काच पुसली. रामय्याही वाकला. दोघांची डोकी एकमेकांना लागली.

आठ-एक.

तिथे जवळ जुना फोन आहे, इमारतीतल्या माणसाला ओरडून सांगितलं, त्याने स्टुडिओला सांगितलं. परत निरोप आला: पेटीवरही आठ-एक, आणि साहेबांनी शालिनीशी हस्तांदोलन केलं.

मनोऱ्याच्या पायथ्याशी उभा राहून मी ती भुजंगप्रयातातली कविता पहिल्यापासून म्हटली. सगळी. थंडीत तोंडातून वाफ निघत होती. रामय्या काठीवर हनुवटी टेकवून उभा. शेवटी म्हणाला, "झाली? ऊन येऊ दे, मग बघू पहाटे कमी का ते."

सकाळची सभा, म्हणजे सकाळचं प्रसारण, संपल्यावर ट्रान्समीटर बंद केला, मनोरा जमिनीला जोडला आणि खोलीतलं कॉइलचं कपाट उघडलं. कारण पाच मिनिटांत सापडलं. कॉइलवरचा पितळी चिमटा सैल, काळा पडलेला. गारठ्यात नीट चिकटत नव्हता, तापला की चिकटायचा. आम्ही बघायला जायचो ते ऊन आल्यावर, तेव्हा सगळं ठीक. रामय्याने घासून लखलखीत केला, पाना लावून आवळला.

दुपारच्या सभेला चालू केल्यावर परत दोघे गेलो. नऊ-चार.

रामय्या म्हणाला, "अण्णा, तुम्ही इतकी वर्षं मनोऱ्याला कमीच मार्क देत होता." मग हसला. मग मीही.

२२ डिसेंबर, गुरुवार

पहाटेसुद्धा नऊ-चार. लॉगमध्ये नऊ-चार, पेटीत नऊ-चार. रामय्याचा पोरगेला सहायक गमबूट घालून रोज जातो आणि आल्यावर छाती काढून आकडा सांगतो म्हणे.

साहेबांनी एक फाइल दाखवली. कोलारकडच्या एका शाळामास्तरांची पोस्टकार्डं. गेल्या वर्षापासून लिहितायत की सकाळची शेतीची बातमी क्षीण येते. उत्तर गेलं होतं, आपल्या रेडिओचे सेल बदलावेत. बिचाऱ्याने बदललेही असतील. आज त्यांना पत्र लिहायचं काम मला दिलं. तीन वेळा खरडलं. शेवटी साधंच लिहिलं: चूक आमच्याकडे होती, दुरुस्त केली आहे, आता ऐकून कळवावे.

माझ्या लेखी जबाबाचं काय केलं, विचारलं. साहेब म्हणाले, फाइलला आहे. कारवाई करायची तर एकसष्टपासून सगळ्यांवर करावी लागेल आणि त्यातले बरेच आता वरच्या खुर्च्यांवर आहेत. हे बोलताना खिडकीबाहेर बघत होते.

२६ डिसेंबर, सोमवार

पंधरावा दिवस. पेटी पास. आणि नुसते आकडे बघण्यात नाही, आज चालू करण्यातही.

पहाटे स्टुडिओत सगळे. तिकडे रामय्या ट्रान्समीटरसमोर हात मागे बांधून उभा, गरज पडली तरच हात लावायचा असं ठरलेलं. साहेब मला म्हणाले, बटण तुम्ही दाबा. मी शालिनीकडे बघितलं. तिचं कष्टाचं, तिनेच दाबावं. ती म्हणाली, काका, तुम्ही वाचून सांगा, मी दाबते. असं दोघांत झालं.

फिलामेंट, मी म्हटलं. तिने दाबलं. पेटीवर हिरवा दिवा. टायमर चालू. माझे ओठ आपोआप हलायला लागले. शेवटचं कडवं संपलं आणि टायमर अजून चालूच! बारा सेकंद. म्हातारपणी मी भरभर म्हणायला लागलोय की काय. किंवा इतकी वर्षं व्हॉल्व्ह जरा गारच ठेवत होतो. शालिनी हसू दाबत होती.

मग तिने दुसरं बटण दाबलं. कोपऱ्यातला रेडिओ तोवर खरखरत होता. एकदम ती खरखर गेली. कॅरियर आला की असंच होतं, आवाज नसतो पण आवाज येणार असतो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात आवडती शांतता. शेकडो वेळा ऐकली, पण ट्रान्समीटरशेजारी उभा राहून. गावातून, इतक्या लांबून, पहिल्यांदाच.

मग निवेदिकेने सुप्रभात म्हटलं.

घरी आलो. सौ.ने सांगितलं, रेडिओ आज वेळेवर लागला. एवढंच. पण उपमा दोनदा वाढला.

यशवंतपूरहून शालिनीच्या सोल्डरिंगवाल्या दोघी आल्या होत्या, पेढे घेऊन. एकीने वाकून नमस्कार केला, दुसरी म्हणाली, तुमच्यामुळे आमचं नवीन वर्ष. माझ्यामुळेच अडलंही होतं, असं म्हणणार होतो. पेढा खाल्ला.

२ जानेवारी १९९५, सोमवार

शिफारस निघाली. आणखी सहा पेट्या, सहा केंद्रं. शालिनीने शेजारची खोली घेतली. आज फोनवर इतकी भरभर बोलत होती की निम्मं कन्नडात गेलं.

साहेबांचं पत्रही आलं. प्रत्येक केंद्रावर पेटी बसवण्यापूर्वी मी जाऊन कर्मचाऱ्यांशी बोलावं. काय बोलायचं ते पत्रात नाही, पण कळलं. इथे एकदा बोललो ते सहा वेळा बोलायचं, सहा गावांत, अनोळखी लोकांपुढे. सौ.ला दाखवलं. तिने वाचून परत दिलं आणि ट्रंकेतून जाड स्वेटर काढून उन्हात घातला. म्हणजे जा.

रामय्या म्हणतो, मीही येतो, रजा शिल्लक आहे, काठी कोण धरणार? कोणतं गवत, कुठली काठी. पण बरं वाटलं.

दुपारी पहिल्या केंद्राला फोन लावला. उत्तरेकडचं, गाडीने एक रात्र. तिथला इन्चार्ज माझ्याच हाताखालून गेलेला, नाव सांगताच ओळखलं. खूप आनंद झाला त्याला. म्हणाला, या सर, अवश्य या, पेटी खुशाल बसवू, ताडून बघायला आमची लॉगबुकं आहेतच. मग जरा थांबून, अभिमानाने म्हणाला, "तुमचीच शिकवण सर. अकरा वर्षं झाली, आमचा पायथ्याचा आकडा एकदाही हललेला नाही."

म्हटलं, शुक्रवारच्या गाडीने निघतो.